महामार्गाच्या कागदावर आपले नाव कोठे आहे?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांपासून महामार्गांच्या रुंदीकरणाची कामे एकामागून एक निघत आहेत. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा पूर्वीचा ४ क्रमांकाचा व आताचा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. रत्नागिरी-नागपूर हा १६६ क्रमांकाचा महामार्ग मिरज व कवठेमहांकाळ तालुक्यांच्या शेतांतून रुंद होऊन पुढे गेला. लोणंद-फलटणच्या बाजूने पालखी मार्ग आला. आणि या सर्वांवर कळस म्हणजे वर्ध्याजवळील पवनारपासून गोव्याच्या सरहद्दीवरील पत्रादेवीपर्यंतचा, मूळ आखणीप्रमाणे १२ जिल्ह्यांतून जाणारा, ८०२ किलोमीटर लांबीचा शक्तिपीठ महामार्ग. त्याच्या भूसंपादनासाठी व आखणीसाठी राज्य मंत्रिमंडळाने २४ जून २०२५ रोजी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली.

या कामांच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाले. जुनी झाडे तुटतात म्हणून वाद झाला, द्राक्षबागा जातात म्हणून झाला, रस्त्याच्या भरावाने महापुराचे पाणी अडेल म्हणूनही झाला. हे तिन्ही वाद खरे आहेत आणि ते करणारी माणसे प्रामाणिक आहेत. परंतु वाचकहो, या तिन्ही वादांत आपला समाज कोठे आहे? झाडाची बाजू मांडणारे कार्यकर्ते आहेत. बागाईतदाराची बाजू मांडण्यास त्याच्या संघटना आहेत, आमदार आहेत, सहकारी संस्था आहेत. त्याच बागेत रोजंदारीवर राबणारी बाई, वतनाच्या तुकड्यावर साठ वारसांची नावे घेऊन बसलेले कुटुंब, रस्त्याकडेच्या गायरानात छप्पर टाकून राहिलेला बौद्ध मजूर, यांच्याविषयी एक ओळ छापून येत नाही. कायद्याने त्यांना काहीच दिलेले नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. कायद्याने त्यांना हक्क दिलेले आहेत. पण त्यांची मोजणी करणारा माणूस मात्र त्या कायद्याने नेमलेला नाही. आजचा लेख त्या मोजणीविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण रस्त्यांचे विरोधक नाही, आणि तसे असण्याचे आपणास कारणही नाही. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग आपण वाचून पाहा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीने रस्ते हा शब्द तेथे स्पष्ट घातलेला आहे. सरकारी पैशाने बांधलेल्या अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगास वाहिलेल्या रस्त्याचा वापर करण्यास जातीच्या कारणाने कोणासही अटकाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. जगातील किती देशांच्या घटनांना रस्त्यावरून चालण्याचा हक्क असा वेगळा लिहून ठेवण्याची गरज पडली असेल? ती आपल्या देशाला पडली, कारण आपल्या पूर्वजांना रस्ता हा नेहमीच दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळत होता.

सातारा जिल्ह्याच्या वाचकांना याचा दाखला दूर शोधावयास नको. १९०१ च्या सुमारास, साताऱ्यास शिकणारे सुमारे नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांकडे निघाले. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले आगगाडीने मसूरला उतरली. ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकावयाची या अटीवर गाडी मिळाली. गाडीवान पायी चालला. रात्री वाटेतील पथकर नाक्यावर मुक्काम पडला, तेथे या मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेविला आहे. मसूर हे गाव कऱ्हाड तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात आज तासवडे येथे महामार्गावर पथकर नाका आहे, आणि त्या नाक्यावर वाहन कोणत्या जातीच्या माणसाचे आहे हे कोणी विचारीत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत झालेला हा फरक लहान नाही. डांबराचा रस्ता, एस. टी. ची गाडी आणि शहरातील नोकरी यांनी आपल्या किती तरुणांना गावाच्या जाचातून सोडविले, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून रस्ता नको असे म्हणणाऱ्यांच्या सभेत आपण डोळे मिटून जाऊन बसू नये. आपले भांडण रस्त्याशी नाही. रस्ता कोणाच्या अंगावरून जातो, त्याची किंमत कोण भरतो आणि भरपाई कोणास मिळते, एवढ्यापुरतेच ते आहे.

आता झाडांच्या प्रश्नाकडे वळतो. मिरज तालुक्यातील भोसे या गावी यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ सुमारे चारशे वर्षांचा समजला जाणारा एक प्रचंड वड होता. १६६ क्रमांकाच्या महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार असे २०२० च्या जुलै महिन्यात कळताच पर्यावरणप्रेमी मंडळी झाडाभोवती उभी राहिली. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि झाडाचे खोड वाचेल असा बदल रस्त्याच्या आखणीत करण्यात आला. पुढे २०२२ साली तो वृक्ष कोसळला, ही दुःखाची गोष्ट आहे. एका झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्यातील काही मित्र त्या वेळी उपहासाने म्हणाले होते. मला तो उपहास पटत नाही. ज्याच्या शास्त्याला पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली, त्या धम्माच्या उपासकाने झाडाची थट्टा करू नये. शिवाय रस्ता आणि वड यांचे नाते आपल्या इतिहासातले आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात त्याने रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे, आमराया उठविल्याचे, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्याचे व विसाव्याच्या जागा केल्याचे नमूद आहे. आणि हे सर्व पशूंना व माणसांना सावली व सुख मिळावे म्हणून केल्याचेही नमूद आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाने रस्त्याचा विचार पायी चालणाऱ्यापासून सुरू केला होता. आजचा अभियंता तो वाहनाच्या वेगापासून सुरू करतो. वडाची सावली मोटारीतल्या माणसाला लागत नाही. ती लागते चालणाऱ्याला, मेंढपाळाला, भर दुपारी शेतावरून परतणाऱ्या मजुराला. तेव्हा झाडाचा प्रश्न हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे असे समजून तो सोडून देणे म्हणजे आपलीच वस्तू दुसऱ्याच्या नावे लिहून देणे होय.

तरीही भोशाच्या घटनेतून एक धडा घेण्यासारखा आहे. आखणी बदलता येते. महामार्गाची रेषा ही ब्रह्मलिखित नव्हे. पुरेशा लोकांनी, योग्य वेळी, योग्य ठिकाणी हरकत घेतली तर ती सरकते. शक्तिपीठ महामार्गाच्या बाबतीतही हेच दिसले. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि आखणी बदलण्याच्या घोषणा झाल्या. पण रेषा जेव्हा संघटित, सधन बागाईतीवरून उचलली जाते तेव्हा ती हवेत राहत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी शिवारात उतरते. जेथे आवाज कमी, सातबारा अस्पष्ट आणि वकील दूर, तेथे ती उतरण्याची शक्यता अधिक, हे मी वकिलीच्या अनुभवावरून सांगतो. या महामार्गाच्या धार्मिक नावाविषयी पुष्कळ बांधव मला विचारतात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपणास शक्तिपीठांशी कर्तव्य उरलेले नाही, आणि सरकारने सार्वजनिक पैशाच्या रस्त्यास तीर्थयात्रेचे रूप द्यावे हे मला रुचत नाही. परंतु नावावर आपली शक्ती खर्च करू नये असे माझे मत आहे. त्या रस्त्याला कोणत्याही महापुरुषाचे नाव दिले तरी जाणारी जमीन तीच राहणार.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज हा द्राक्षांचा मुलूख. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, नंतर विरळणी, घडांना औषधात बुडविणे, काढणी, बेदाण्याच्या शेडवरील काम, असे वर्षातील बहुतेक महिने या बागांत टोळ्यांनी काम चालते. या टोळ्यांत आपल्या स्त्रिया किती आहेत हे त्या गावांत राहणाऱ्यास सांगावयास नको. समजा, अशी एक बाग रस्त्यात गेली. मालकाला जमिनीची बाजारभावाने किंमत मिळेल, त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळेल, मांडव, वेली, विहीर, जलवाहिनी यांचे स्वतंत्र मूल्यांकन होईल. ते त्याला मिळालेच पाहिजे. ते कमी मिळत असेल तर त्याने भांडले पाहिजे. पण त्या बागेवर पंधरा वर्षे रोजगार मिळविणाऱ्या बाईचे काय? तिचा रोजगार त्याच दिवशी त्याच जेसीबीखाली गेला. पंचनाम्यात वेलींची संख्या येते. तिचा उल्लेख येत नाही.

आणि आता कायदा पाहा. २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, त्याच्या ३ऱ्या कलमात बाधित कुटुंबाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या मालकीची मुळीच जमीन नाही, परंतु जो शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करीत आहे आणि ज्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन संपादनामुळे बाधित होते, त्याचे कुटुंबही बाधित कुटुंब होय, असे त्या व्याख्येत स्वच्छ लिहिले आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाचे शीर्षकच जमीनमालक व जमिनीवर मुख्यतः उपजीविका अवलंबून असणारी कुटुंबे, अशा दोघांच्या पुनर्वसनाविषयी आहे. प्रकल्पात रोजगार निर्माण होत असेल तर नोकरी, अथवा एकरकमी पाच लाख रुपये, अथवा दरमहा किमान दोन हजार रुपये वीस वर्षेपर्यंत, यांपैकी एकाची निवड करण्याचा हक्क त्यात आहे. राष्ट्रीय महामार्गांचे संपादन १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखाली होते हे खरे. पण २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या या तरतुदी महामार्गांनाही लागू केल्या आहेत.

मग अडते कोठे? अडते ते येथे की, २०१३ च्या कायद्यात अशी कुटुंबे शोधून काढण्याचे काम सामाजिक परिणामांच्या पाहणीवर सोपविलेले आहे. ती पाहणी गावात येते, सभा घेते, भूमिहीनांची नोंद करते. महामार्गाच्या संपादनात ही पाहणीच होत नाही. राष्ट्रीय महामार्गांना ती लागू नाही, आणि महाराष्ट्राने आपल्या १९५५ च्या महामार्ग कायद्याच्या बाबतीत २०१८ साली दुरुस्ती करून तीच सोय करून घेतली. परिणाम असा झाला की मोबदल्याचे परिशिष्ट आले, परंतु मोबदला कोणाला द्यावयाचा हे शोधणारी यंत्रणा वगळली गेली. सातबारावर नाव असलेला सापडतो. नसलेला सापडत नाही. जो सापडत नाही त्याने मागणी केली नाही, असे समजून प्रकरण बंद होते. हे कोणाच्या दुष्ट हेतूने घडले असे मी म्हणत नाही. घाईने घडले असेल. पण घाईची किंमत नेहमी एकाच वर्गाने का द्यावी?

दुसरा प्रश्न वतनाचा. शतकानुशतके गावचा महार सरकारी कामगाराला वाट दाखवीत पुढे धावला, टपाल व खजिना पोहोचविला, शिवेची राखण केली, आणि त्याबद्दल त्याला तुटपुंजी जमीन व बलुते मिळाले. ही गुलामगिरी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९ मार्च १९२८ रोजी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. त्या कायद्याप्रमाणे आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर जमीन वतनदाराला पुन्हा प्रदान व्हावयाची होती. ज्यांनी भरली त्यांना ती नव्या व अविभाज्य शर्तीवर, म्हणजे भोगवटादार वर्ग २ म्हणून, मिळाली. ज्यांनी भरली नाही, किंवा भरल्याची पावती जपून ठेवली नाही, त्यांचा कब्जा कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरण्याची वेळ आली. रक्कम किती क्षुल्लक होती! पण ज्या वर्षी ती भरावयाची होती त्या वर्षी घरात दाणा नव्हता, आणि सूचना वाचून दाखविणाराही कोणी नव्हता. पुढे कित्येक जमिनी गहाणवटीत व खंडाने दुसऱ्यांच्या कब्जात गेल्या. वतनाच्या अशा अर्धवट कागदांवर आजही किती जणांचा डोळा असतो, हे २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढवा येथील सुमारे चाळीस एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहाराने साऱ्या राज्याला दाखविले.

अशा जमिनीतून महामार्ग जाऊ लागला की काय होते ते पाहा. वर्ग २ ची जमीन असल्याने मोबदल्यात शासनाचा हिस्सा किती, हा प्रश्न निघतो. नावे आज्याची, वारस पन्नास-साठ, त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यास. वारसांत वाटणीवरून एकाने जरी तक्रार केली तरी महामार्ग कायद्याच्या ३-एच कलमाप्रमाणे ते प्रकरण जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडे जाते आणि रक्कम तेथे वर्षानुवर्षे पडून राहते. इकडे जमीन मात्र आधीच सरकारजमा झालेली असते, कारण ३-डी ची घोषणा झाली की ती कोणत्याही बोजाशिवाय शासनाकडे निहित होते. पैशासाठी थांबण्याची सवलत रस्त्याला लागत नाही. ती फक्त वारसांना लागते.

येथे थोडे विषयांतर करून सातारा जिल्ह्यातील ज्या बांधवांच्या जमिनी पूर्वीच्या चौपदरीकरणात गेल्या, त्यांना एक गोष्ट सांगतो. १९९७ साली महामार्ग कायद्यात ३-जे हे कलम घालून महामार्गासाठी जमीन देणाऱ्यास दिलासा रक्कम व व्याज नाकारण्यात आले होते. रेल्वेला किंवा धरणाला जमीन दिली तर दिलासा रक्कम, आणि रस्त्याला दिली तर नाही, असा तो विचित्र भेद होता. १९ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग यांच्या खटल्यात हे कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून घटनाबाह्य ठरविले, आणि ४ फेब्रुवारी २०२५ रोजी हा निर्णय केवळ पुढच्या प्रकरणांपुरता मर्यादित करण्यासही नकार दिला. ज्यांचे निवाडे १९९७ ते २०१४ या काळातील आहेत, त्यांनी घरातील जुने लिफाफे उघडावेत आणि जवळच्या वकिलास दाखवावेत. प्रत्येकाचा दावा टिकेलच असे नाही. मुदतीचे प्रश्न असतात. पण कागद पेटीत ठेवून कोणाचा दावा टिकल्याचे मी पाहिलेले नाही.

आता धर्मांतराशी ज्याचा थेट संबंध आहे त्या मुद्द्याकडे येतो. २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक परंतुक आहे, ते फारच थोड्यांनी वाचले आहे. कोणत्याही प्रकल्पात जमीन गमावणारी व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल, तर तिला गेलेल्या जमिनीइतकी जमीन अथवा अडीच एकर, यांपैकी जे कमी असेल ते, जमीन म्हणून द्यावयाचे आहे. पैसा नव्हे, जमीन. शिवाय ४१ व्या कलमात, अनुसूचित जातींची कुटुंबे विस्थापित होत असतील तेथे त्यांचे न मिटलेले जमीनहक्क निश्चित करण्यासाठी व परक्याच्या हाती गेलेल्या जमिनींची मालकी परत मिळवून देण्यासाठी संपादनाबरोबरच विशेष मोहीम काढण्याची योजना सांगितली आहे. वतनाच्या जमिनींना याहून लागू पडणारी तरतूद शोधून सापडणार नाही. ४१ वे कलम महामार्गांना लागू होत नाही असा युक्तिवाद सरकारपक्ष करील, हे मी आताच सांगून ठेवतो. पण दुसरे परिशिष्ट लागू आहे, त्याविषयी वादास जागा नाही.

हा हक्क बौद्धाला आहे काय? आहे. १९५६ नंतर चौतीस वर्षे केंद्र सरकारने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेविले. महाराष्ट्र शासनाने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारी आपण बौद्ध झालो म्हणजे आपले दारिद्र्यही संपले असे मानले गेले. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने ही चूक दुरुस्त झाली. तथापि हक्क सिद्ध करावयास दाखला लागतो, आणि त्या दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख असावा लागतो. आपल्या अनेक स्वाभिमानी कुटुंबांनी तो दाखला काढलेलाच नाही. जे नाव आम्ही दीक्षाभूमीवर टाकून आलो ते पुन्हा सरकारी कागदावर का लिहावे, असे ते विचारतात. या भावनेविषयी मला आदर आहे. पण कायद्याच्या दृष्टीने मी तिच्याशी सहमत नाही. तो दाखला ही आपली ओळख नव्हे. आपल्यावर पिढ्यान् पिढ्या काय लादले गेले होते याचा तो शासनाच्याच सहीचा पुरावा आहे, आणि पुरावा कोणताही वकील हातचा जाऊ देत नाही. आपण घरात, विहारात, जनगणनेत बौद्धच लिहावे. संपादन अधिकाऱ्यासमोर मात्र दाखला ठेवावा.

विहारांचेही असेच आहे. बहुतेक गावांत विहार उभे राहिले ते वर्गणीतून, वस्तीच्या कडेला मिळेल त्या मोकळ्या जागेत. पुष्कळदा गायरानात किंवा रस्त्याच्या हद्दीला लागून. गावच्या देवळाची जमीन इनामाच्या दप्तरी असते. विहाराचा कागद मात्र कोणाकडेच नसतो. रुंदीकरणाची मोजणी येते तेव्हा देवळाचा उल्लेख धार्मिक स्थळ असा होतो आणि विहाराचा उल्लेख अतिक्रमण असा होतो. हा अन्याय आहे असे ओरडून तो टळत नाही. विहाराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे काय, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी झाली आहे काय, हे मोजणीचे दगड रोवले जाण्यापूर्वी पाहिले पाहिजे. गायरानात घरे वा शेती असलेल्यांनी २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे, म्हणजे १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अनुसूचित जातींच्या भूमिहीनांच्या अतिक्रमणांना नियमित करण्याच्या निर्णयाप्रमाणे, आपले प्रकरण कोठवर आले आहे त्याची चौकशी करावी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती याच जमिनींसाठी. त्यांच्या नातवंडांनी त्या जमिनीचा फेरफार पाहण्यासाठी तलाठ्याकडे एक खेप घालावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

जमीन न जाताही नुकसान होते, त्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही. जुन्या गावरचनेत आपली वस्ती गावापासून अलग, आणि रस्ता मधून गेला की शाळा, दवाखाना, पाणी एका बाजूस व वस्ती दुसऱ्या बाजूस राहते. दोन पदरी रस्ता मुले पळत ओलांडीत होती. सहापदरी रस्ता, मध्ये दुभाजक व कडेला कठडा, हा म्हाताऱ्या माणसाने कसा ओलांडावा? प्रेत घेऊन स्मशानभूमीकडे जाणाऱ्यांनी कसा ओलांडावा? भुयारी मार्ग कोठे होणार हे आराखड्यात ठरते, आणि आराखडा ठरताना जो बोलतो त्याच्या दारात भुयारी मार्ग होतो. हीच गोष्ट पाण्याची. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूरक्षेत्रात आडवा भराव घातला आणि मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या तर पाणी तुंबणारच, हे समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. ते प्रथम सखल भागातील घरांत शिरेल, आणि सखल भागात कोण राहते हे आपणास ठाऊक आहे.

पर्यावरणाच्या मंजुरीच्या वेळी हे सर्व बोलता आले असते. पण रुंदीकरणास ती मंजुरी बहुतेक वेळा लागतच नाही. २०१३ च्या ऑगस्टमधील सुधारणेनुसार, राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा अधिक लांबीचे असेल आणि ठरावीक रुंदीहून जास्त नवी जमीन लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरी व तिच्याबरोबरची जनसुनावणी आवश्यक ठरते. आता महामार्गाचे काम तुकड्यातुकड्यांनी देण्याची पद्धत आहे. प्रत्येक तुकडा शंभराच्या आत बसला की गावाला बोलण्याचे ते व्यासपीठ उरत नाही. मंजुरी टाळण्यासाठी असे तुकडे पाडता कामा नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ जानेवारी २०२१ च्या निर्णयात सांगितले आहे. शक्तिपीठासारख्या नव्या द्रुतगती मार्गाचे तसे नाही. त्याला जनसुनावणी आहे. त्या सुनावणीच्या दिवशी आपल्या वस्तीतील माणसे मजुरीस न जाता तेथे हजर राहतील अशी व्यवस्था आपल्या मंडळांनी केली पाहिजे, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात उतरेपर्यंत त्यांनी तेथून हलू नये.

राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत मुदत फार थोडी आहे. ३-ए कलमाखालील अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यावी लागते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांतील एक मराठी असते. ती बारीक अक्षरांतील जाहिरात वाचण्याचे काम प्रत्येक तालुक्यातील एका शिकलेल्या तरुणाने आपल्याकडे घ्यावे. गट क्रमांक पाहून ज्या कुटुंबाचा असेल त्यांना त्याच दिवशी कळवावे. मोबदला ठरविण्यापूर्वी ३-जी कलमाखाली दुसरी जाहीर सूचना निघते, आणि तीत हितसंबंधितांचे दावे मागविलेले असतात. भूमिहीन मजुरांनी आपली मागणी त्या वेळी, गटाने, एकाच अर्जावर दाखल करावी. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून टोळीच्या मुकादमाची हजेरीवही, बागमालकाचे पत्र, शिधापत्रिका, ई-श्रमची नोंद, जे असेल ते जोडावे. कित्येक बागमालक असे पत्र आनंदाने देतील, कारण मजुराला मिळणारी रक्कम त्यांच्या मोबदल्यातून जात नाही. ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परत येऊ नये, आणि पोचेवर तारखेचा शिक्का स्पष्ट उमटला आहे की नाही, हे तेथेच उजेडात पाहावे.